शेरा: गाडी चुकली

बडोद्याचं स्टेशन बडोद्यात नाही,
हे मला पहिल्यांदा कैद्यानं सांगितलं.

कैदी प्रागजी लवजी, राहणार अमरेली.
गुन्हा: खोटे बाबाशाही रुपये पाडणे.
नेणार मी, आबाजी खानविलकर, बिल्ला सत्तावन्न.
त्याच्या कमरेपासून माझ्या मनगटापर्यंत
दोर साडेतीन हात, सरकारी माप.
रावपुऱ्याच्या चौकीत कारकुनानं गाठ दोनदा ओढून पाहिली.

सुरसागरावरून निघालो तेव्हा
मी कोण होतो विचारा!
भाजीवाल्या बाजूला सरत होत्या.
एका टांगेवाल्याला तर उगीचच थांबवलं,
थांबतो का बघायला.

स्टेशनाच्या फाटकाशी एक दगड आहे,
गुडघ्याइतका, चुना फासलेला. कुत्री त्याला ओळखतात.
प्रागजी तिथं थबकला. म्हणाला, हवालदारसाहेब,
याच्या पुढे तुम्ही कोण?

मी हसलो. दोर ओढला.

एदलजी फौजदारानं कागद उलटा केला, सुलटा केला.
"महाराजांचा शिक्का आहे, ठीक. रेसिडेंटसाहेबाची सही?
रूळ आमचे, रुळांखालची खडी आमची,
दोन्ही अंगांना पन्नास पावलं आमची.
सहीशिवाय इथं तू माणूस पकडलेला नाहीस,
पळवलेला आहेस."
मग चष्मा पुसला
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी सकाळपासून प्रागजीकडे पाहत होतो.

बाकावर बसलो. दोराचं काय करावं कळेना.
सोडला तर नोकरी, धरला तर कलम.
शेवटी दोघांच्या मध्ये ठेवून दिला,
कुणी विसरून गेल्यासारखा.

प्रागजीला सगळं पाठ.
अमदाबादेपुढेही इंग्रजी, मग वढवाणच्या ठाकोरांचं,
मग भावनगर, मध्येच एक गाव
कुणाचं ते त्या गावालाही ठाऊक नाही,
आणि मग अमरेली, पुन्हा आपलं.
"आपलं" म्हणाला तो.
"एवढ्या हद्दी, साहेब, आणि सगळीकडे
चोर मी एकच. शिपाई मात्र दर दगडाला नवा लागतो."

भूक लागली. भत्ता गाठीला होता,
त्याचे दोन आणे, माझा दीड.
चणेवाल्यानं नाणं दिव्यापाशी धरलं, परत दिलं.
बाबाशाही चालत नाही इथं.
अस्सल होतं हो! खजिन्यातून अंगठा देऊन घेतलेलं.
प्रागजी खोकला येईपर्यंत हसला.
"बारा वर्षं घासून घासून
मी खोट्याचं खरं करत होतो.
तुमचं खरं पन्नास पावलांत खोटं झालं!"
मग धोतराच्या निऱ्यांतून एक आणा काढला,
इंग्रजी, राणीछाप.
झडतीत कसा सुटला, मी विचारलं नाही.
विचारायला मी कोण?
चणे गरम होते. मीठ जरा जास्त.

गाडी आली. वाफ, दिवे, दारांचे दणके.
एदलजीची पाठ होती, माझ्या हातात पुडी.
मी म्हणालो, जायचं तर जा.
खरंच म्हणालो. नोंदीत नाही हे.

तो उरलेले चणे मोजत राहिला.
"कुठं जाऊ? इथून पुढे मी
कमरेला दोर असलेला कुणीतरी.
दगडापलीकडे निदान तुमचा कैदी तरी आहे."

गाडी गेली. तिचा लाल दिवा
विश्वामित्रीच्या बाजूला बराच वेळ दिसत होता.
दगड ओलांडला. दोर माझ्या मनगटाला
मीच पुन्हा गुंडाळला. तो थांबून राहिला तेवढा वेळ.

चौकीत वही पुढे ओढली.
नाव, हुद्दा, बिल्ला.
भत्ता शिल्लक: साडेतीन आणे, सगळे अस्सल.
शेरा: गाडी चुकली.
चण्यांचा आणा कुठल्या रकान्यात घालावा,
दौत सुकत आली तरी सुचेना.

गजांआडून आवाज आला,
"उसने लिहा, साहेब.
व्याज नको."